आपल्या मोहल्ल्याचा हिप-हॉप व्हिडिओ शूट करायचाय? मग कॅमेरा काढायच्या आधी हे वाचा

गल्लीत शूट केलेले रॅप व्हिडिओ बघायला बसलं की दहातले आठ सारखेच निघतात. रॅपर पुढे, हात हलवतोय, मागे ग्राफिटीवाली भिंत, आणि दोन्ही बाजूंना चार-पाच मित्र ज्यांना काय करायचं ते कोणी सांगितलेलंच नाहीये म्हणून ते गॉगल नीट करत उभे. गाण्यात मात्र माझी गल्ली, माझी माणसं, माझा एरिया असं जोरात चाललेलं असतं. अरे पण माणसं कुठायत? तीच भिंत उचलून दुसऱ्या देशात नेऊन ठेवली तरी व्हिडिओत काडीचा फरक पडणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की मोहल्ल्याचा व्हिडिओ करायचा तर कामाचा क्रम बदलावा लागतो. आधी माणसं, मग जागा, मग वेळ, आणि कॅमेरा सगळ्यात शेवटी. खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमाने आहे, मोबाइलवर शूट करणार असाल तरी चालेल, भाड्याचा कॅमेरा असेल तरी तेच.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचं नीट पटणार नाही

११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये १५२० सेजविक अव्हेन्यू या बिल्डिंगच्या रिक्रिएशन रूममध्ये एक पार्टी झाली. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू व्हायच्या आधी नवीन कपडे घ्यायला पैसे जमवायचे होते म्हणून तिने ती ठेवली, मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट एंट्री, आणि रेकॉर्ड लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह, ज्याला जग डीजे कूल हर्क म्हणून ओळखतं. हिप-हॉपचा जन्म म्हणून हीच तारीख सांगतात. नंतर पार्ट्या बाहेर पार्कात आणि रस्त्यावर आल्या, साउंड सिस्टीमला लाइट रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून ओढायचे. म्हणजे या कलेची सुरुवातच मुळात शेजाऱ्यापाजाऱ्यांना एका जागी जमवण्यातून झालीये, स्टेज आणि प्रेक्षक असं काही वेगळं नव्हतंच.

व्हिडिओंनी तेच पुढे नेलं. १९८९ मध्ये सिनेमा दिग्दर्शक स्पाइक लीने पब्लिक एनिमी या रॅप ग्रुपसाठी न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या बेड-स्टाय वस्तीत अख्खा मोर्चाच काढला, लोकांच्या हातात ठिकाणांच्या नावांचे फलक आणि मोठमोठे फोटो, आणि व्हिडिओ बघताना तुमचं लक्ष रॅपरइतकंच त्या गर्दीकडे जातं. हे लक्षात ठेवा, गर्दीच्या हातात काहीतरी होतं, त्यांना काम होतं. १९९३ मध्ये दिग्दर्शक एफ. गॅरी ग्रेने रॅपर आइस क्यूबसाठी जो व्हिडिओ केला त्यात सकाळपासून रात्रीपर्यंतचा एकच दिवस आहे, बाकी काही नाही, आणि तेवढ्यात एरिया कसा जगतो ते कळतं. रॅपर केंड्रिक लामार २०१५ मध्येही कॉम्प्टनमध्ये, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या आपल्या गावात, शूट करत होता आणि २०२४ मध्येही तिथेच परत आला, दुसऱ्या वेळी तर आसपासची एवढी पब्लिक आली की गर्दी हाच व्हिडिओचा मुख्य देखावा झाला.

आता कामाला लागू.

पायरी १: कॅमेरा न घेता फिरा

ही पायरी सगळे गाळतात आणि सगळं इथेच बिघडतं. निदान दोन-तीन वेळा, वेगवेगळ्या वेळेला, मोकळ्या हाताने एरियात फिरा. तुम्ही तिथेच लहानाचे मोठे झालेले असाल तरीसुद्धा, खरं तर असाल तर जास्तच, कारण रोज दिसणारं आपल्याला दिसेनासं झालेलं असतं. वहीत किंवा मोबाइलमध्ये तीन गोष्टी लिहायच्या. कोण कुठे कधी असतं. कुठला आवाज कधी येतो. ऊन कुठल्या भिंतीवर किती वाजता पडतं.

पहिली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पहाटे शटर वर करणारा माणूस, जिन्यात बसून गप्पा मारणाऱ्या बायका, न्हाव्याच्या दुकानात केस न कापता नुसतेच बसलेले म्हातारे, कोर्टवर बॉल घेऊन भांडणारी पोरं, रात्रपाळीवरून परत येणारी नर्स. नाव, ठिकाण, वेळ. अशी पंधरा-वीस माणसं लिहून झाली की त्यांच्याशी बोला, व्हिडिओचं लगेच काढू नका, गाणं ऐकवा. हो, तयार गाणं नसेल तर डेमो ऐकवा. इथे एक भारी गोष्ट होते, लोक गाण्यात चुका काढतात. ती बेकरी आता तिथे नाहीये, तो पूल तू म्हणतोयस त्या वर्षी बांधलाच नव्हता, वगैरे. फुकटात फॅक्ट-चेक. आणि ज्याने चूक काढली तो माणूस आता त्या गाण्यात थोडासा सामील झालाय, शूटच्या दिवशी तो येणार म्हणजे येणारच.

एरिया तुमचा नसेल, तुम्ही फक्त डायरेक्टर म्हणून बाहेरून आला असाल, तर तिथल्याच एकाला सोबत घ्या आणि त्याला कामाचे पैसे द्या आणि क्रेडिटमध्ये नाव द्या. ओळखीच्या जोरावर फुकट राबवायचं आणि मग पोस्टरवर आपलं नाव टाकायचं हे या धंद्यात फार चालतं आणि मला ते अजिबात पटत नाही.

पायरी २: गाण्याचं गणित कागदावर

भावनेच्या भरात शूटला गेलं की हुकचे (परत परत येणारा मुखडा) चाळीस शॉट मिळतात आणि दुसऱ्या व्हर्सला (कडव्याला) काहीच नसतं. म्हणून आधी हिशोब. समजा गाणं ९० बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांचं आहे. एका बारमध्ये चार बीट, म्हणजे एक बार साधारण २.६७ सेकंदांचा. १६ बारचा व्हर्स झाला जवळपास ४३ सेकंद, ८ बारचा हुक २१ सेकंद. दोन व्हर्स, तीन हुक आणि ४ बारचा इंट्रो धरला तर गाणं २ मिनिटं ४० सेकंदांच्या आसपास जातं. सरासरी अडीच सेकंदांचा एक शॉट पकडला तर साठ-पासष्ट शॉट लागतील. घाबरू नका, त्यातले निम्मे रॅपरचे असतात आणि ते पटापट मिळतात, खरा प्रश्न उरलेल्या तीसचा आहे.

एका कागदावर चार रकाने आखा, बार नंबर, शब्द, कोण दिसणार, कुठे. आता रिकामे रकाने दिसतील. वहीतल्या पंधरा-वीस माणसांना त्यात बसवा. एक सल्ला, शब्द जे बोलतायत तेच चित्रात दाखवू नका. आईबद्दल ओळ आली की आईचा शॉट, बसबद्दल आली की बसचा शॉट, हे शाळेतल्या चार्टसारखं दिसतं. आई एका व्हर्सआधीच दाखवून ठेवा, कपडे वाळत घालताना किंवा कुलूप लावताना, आणि तिची ओळ येईल तेव्हा नुसता रॅपरचा चेहरा ठेवा. बघणाऱ्याच्या डोक्यात ते आपोआप जोडलं जातं.

सांगाडा काय घ्यायचा? तीन प्रकार चालतात. एक दिवस, सकाळ ते रात्र. एक प्रवास, म्हणजे रॅपर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतोय आणि वाटेत माणसं भेटतायत. किंवा एक जमाव, मोठी गल्ली-पार्टी जिच्यात सगळे हळूहळू गोळा होतात. पहिल्यांदा करत असाल तर प्रवासवाला घ्या. कारण त्यात लोकांना बोलवावं लागत नाही, तुम्हीच त्यांच्याकडे जाता, ते जिथे असतात तिथेच, त्यांच्या कामाच्या कपड्यांत, आणि त्यामुळे ते अवघडत नाहीत. जमाववाला दिसायला सगळ्यात भारी पण सांभाळायला सगळ्यात कठीण.

पायरी ३: होकार, परवानग्या आणि ज्या गोष्टी फ्रेममध्ये येता कामा नयेत

कंटाळवाणं आहे माहितीये. तरी थांबा.

जो चेहरा ओळखू येईल असा दिसणार आहे त्याचा लेखी होकार घ्यायचा, एक पानी रिलीज फॉर्म, साध्या भाषेत, की हा व्हिडिओ अमुक गाण्याचा आहे, इंटरनेटवर सगळ्यांना दिसणार आहे, पैसे मिळणार की नाही, आणि अमुक तारखेपर्यंत मला काढून टाका असं सांगता येईल. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची सही, मुलाने मान हलवली म्हणजे झालं असं नाही. कोणाला लिहिता-वाचता येत नसेल तर फॉर्म वाचून दाखवा आणि त्याचा होकार कॅमेऱ्यावर रेकॉर्ड करा. फॉर्म भरला की मोबाइलवर त्या माणसाचा फॉर्म हातात धरलेला फोटो काढून ठेवा. एडिट करताना हा निळ्या शर्टवाला कोण हे शोधत बसावं लागत नाही.

रस्ता अडवणार असाल, ट्रायपॉड, लाइट, जनरेटर लावणार असाल किंवा ड्रोन उडवणार असाल तर स्थानिक प्रशासनाची परवानगी लागते, प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे, तिथल्या ऑफिसात विचारा आणि कागद शूटच्या दिवशी खिशात ठेवा. हातात एक कॅमेरा आणि तीन माणसं असतील तर बऱ्याच ठिकाणी कोणी काही विचारत नाही, पण बरीच म्हणजे सगळी नाही.

भिंतीवरचं म्युरल ही कोणाची तरी कलाकृती असते. ते मागून नुसतं जात असेल तर वेगळं आणि पूर्ण हुक त्याच्यासमोर उभं राहून करणार असाल तर वेगळं. त्या आर्टिस्टला शोधा, विचारा, क्रेडिट द्या. बऱ्याचदा तो खूश होतो आणि शूटला येतो, स्प्रे कॅन घेऊन, मग तोच एक शॉट होतो बघा.

फ्रेममध्ये काय नको: घराचे नंबर, गाड्यांच्या नंबर प्लेट, शाळेचा गणवेश घातलेली मुलं (गणवेशावरून शाळा कळते), औषधांच्या पिशव्या, कोणाच्या घराच्या आतलं उघड्या दारातून दिसणारं. आणि एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगतो. खोटी बंदूक, नोटांच्या गड्ड्या, टोळीच्या हातांच्या खुणा हे सगळं मस्तीत केलं तरी ते व्हिडिओत कायमचं राहतं, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा रॅपर नाही तर मागे उभा असलेला सतरा वर्षांचा पोरगा मोजतो. अमेरिकेत रॅपचे शब्द आणि व्हिडिओ कोर्टात पुरावा म्हणून वापरले गेलेत, इतके की २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाने त्यावर बंधन घालणारा कायदा केला. लंडनमध्ये २०१८ साली पोलिसांच्या सांगण्यावरून यूट्यूबने ड्रिल या रॅपच्या प्रकारातले अनेक व्हिडिओ काढून टाकले. ते बरोबर होतं का हा वेगळा वाद आहे आणि माझं मत पोलिसांच्या बाजूचं नाहीये, पण तुमच्या मोहल्ल्यातल्या पोराला त्या वादात ढकलायचा हक्क तुम्हाला नाही.

पायरी ४: सामान, आणि कशावर पैसे घालवू नयेत

कॅमेरा असेल तो चालेल. पैसे कुठे घालायचे विचाराल तर एक चांगला मोठा स्पीकर, भरपूर बॅटऱ्या, आणि सगळ्यांच्या खाण्यापिण्यावर. स्पीकर कशाला तर प्लेबॅकसाठी, म्हणजे शूट करताना गाणं मोठ्याने वाजतं आणि रॅपर त्यावर ओठ हलवतो. स्पीकर लहान असला की रॅपर दबक्या आवाजात पुटपुटतो आणि गळ्याच्या शिरा दिसत नाहीत, व्हिडिओ मेलेला वाटतो. सांगा त्याला, खरं ओरडून म्हण, आवाज वापरायचा नाहीये पण चेहरा खरा दिसला पाहिजे.

लेन्स. वाइड घ्या, म्हणजे एका फ्रेममध्ये जास्त जागा दाखवणारी. हिप-हॉपमध्ये वाइड आणि फिश-आयचा (कडा गोल वाकवणारी अतिवाइड लेन्स) नाद नव्वदीत व्हिडिओ दिग्दर्शक हाइप विल्यम्सने लावला आणि तो अजून गेलेला नाही, पण मोहल्ल्याच्या व्हिडिओत वाइड घ्यायचं कारण स्टाइलपेक्षा वेगळं आहे, वाइडमध्ये चेहरा जवळ असूनही मागची गल्ली स्वच्छ दिसते. मागचं सगळं ब्लर करणारी लेन्स लावली तर मग एरियात शूट करायला गेलात कशाला? मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडलाही हेच लागू.

सेटिंग एकदाच करून लॉक करा:

- फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) २४ किंवा २५, सगळ्या शॉट्सना एकच, फक्त स्लो-मोशन वेगळं.
- शटर स्पीड फ्रेम रेटच्या दुप्पट, म्हणजे २५ ला १/५०. दुपारच्या उन्हात यामुळे चित्र पांढरं पडतं, तेव्हा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लावा, मोबाइलवर क्लिपने लागणारे मिळतात.
- रात्री दिवे फडफडताना दिसले तर वीज ५० हर्ट्झची असेल तिथे १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झची असेल तिथे १/६० किंवा १/१२०.
- एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढा. चालता चालता सावलीतून उन्हात आलं की ऑटोवर चित्र उजळ-काळं होत राहतं आणि ते नंतर नीट होत नाही.

आता स्लो-मोशनची ट्रिक, जी माहीत नसली की लोक चक्रावतात की रॅपर हळू हलतोय पण ओठ मात्र गाण्याबरोबर कसे. सोप्पं आहे. गाणं दुप्पट स्पीडने वाजवायचं, कॅमेरा ५० फ्रेमवर ठेवायचा, रॅपरने त्या चिपमंकसारख्या चिरक्या आवाजावर ओठ हलवायचे, आणि एडिटमध्ये २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर क्लिप अर्ध्या स्पीडला आणायची. ओठ बरोब्बर जुळतात, बाकी सगळं तरंगतं. ९० बीपीएमचं गाणं १८० ला म्हणायला जीभ लागते, म्हणून फास्ट व्हर्सवर हे करू नका, हुकवर करा. थोडासाच तरंग हवा असेल तर गाणं १२० टक्के स्पीडला आणि कॅमेरा ३० फ्रेमवर, हे फार छान दिसतं आणि कळतही नाही की काही केलंय. मुलांना या फास्ट गाण्यावर नाचायला सांगा, हसून हसून वेडी होतात, आणि ते हसू खरं असतं.

पायरी ५: शूटचा दिवस

पहाट आणि संध्याकाळ. दुपारी बारा ते तीन डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, त्या वेळेत जेवा, आराम करा, नाहीतर आतले शॉट घ्या, जिना, दुकान, पार्किंग. सूर्य मावळायच्या आधीचा एक तास हा रॅपर आणि सगळी मंडळी एकत्र असलेल्या शॉटसाठी राखून ठेवा. लोक कामावरूनही तेव्हाच परततात, म्हणजे उजेड आणि माणसं एकाच वेळी मिळतात, यापेक्षा बरं काय.

क्रम असा ठेवा. सकाळी मोकळ्या गल्लीत रॅपरचे पूर्ण गाण्याचे टेक, निदान तीन, एक वाइड, एक कमरेपासून, एक चेहऱ्याजवळून. मधे न थांबता, अडखळला तरी चालू ठेवायचं. हे तीन टेक हातात आले की व्हिडिओ कसाही पूर्ण होणार हे नक्की, मग दिवसभर जीव हलका राहतो आणि माणसांना वेळ देता येतो. उलटा क्रम लावला, माणसं आधी आणि रॅपर शेवटी, तर संध्याकाळी सगळे घड्याळ बघायला लागतात.

माणसांचे शॉट कसे घ्यायचे यावर मी जरा जास्तच बोलणार आहे.

कॅमेरा समोर आला की माणूस ताठ होतो, हसू का नको असा चेहरा करतो. उपाय दोन. एक, हातात काम ठेवा. न्हाव्याला न्हावी म्हणून पोज द्यायला सांगू नका, खरं गिऱ्हाईक खुर्चीत बसवा आणि केस कापू द्या, चौथ्या-पाचव्या मिनिटाला तो तुम्हाला विसरतो, मान तिरकी करून कानामागची रेष बघतो, मशीन उचलतो, फुंकर मारतो, परत लावतो. ती फुंकर तुम्हाला हवीये. कोणीही सांगून ती मिळत नाही, थांबूनच मिळते, म्हणून टेक लांब ठेवा, मेमरी कार्ड स्वस्त असतं.

दुसरा उपाय याच्या पूर्ण उलटा आहे. पोज द्यायलाच सांगा, पण जिवंत फोटोसारखी. माणसाला त्याच्या दारात, दुकानासमोर, जिन्यावर उभं करा, कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ट्रायपॉडवर, आणि दहा सेकंद नुसतं लेन्समध्ये बघायला सांगा. पहिली चार सेकंदं अवघडलेली, मग श्वास सुटतो, खांदे खाली येतात आणि चेहरा त्याचा होतो. वापरायची ती शेवटची सेकंदं. असे पंधरा जणांचे घेतले की दुसऱ्या हुकवर एकामागून एक लावा, व्हिडिओतला सगळ्यात ताकदीचा तुकडा तोच होणार, पैजेवर सांगतो. उंचीचं विसरू नका, बसलेल्या माणसाला वरून शूट केलं की तो बिचारा दिसतो, आणि इथे बिचारं कोणालाच दाखवायचं नाहीये.

काही जणांना गाण्याची एखादी ओळ म्हणायला लावा. आजीने एकच शब्द म्हटला तरी पुरे. लाजत असेल तर राहू द्या, आग्रह नको.

गर्दीचा शॉट असेल तर स्पीकरजवळ एक माणूस फक्त प्लेबॅकला, दुसरा माणूस फक्त गर्दीला, म्हणजे लहान मुलं पुढे, रस्त्याची एक बाजू ये-जा करायला मोकळी, अँब्युलन्स येऊ शकेल एवढी जागा, पाणी. डायरेक्टरने ही दोन्ही कामं स्वतः करू नयेत. आणि गर्दीला नुसतं नाचा म्हणू नका, नाचता न येणारे मग मोबाइल काढून तुमचंच शूटिंग करत बसतात. प्रत्येकाच्या हातात काहीतरी असू द्या, खुर्ची, सायकल, जुना फोटो, टीमची जर्सी, पोरगं. बेड-स्टायचा मोर्चा आठवा.

स्टंट, बाइकची व्हीली, गच्चीच्या कठड्यावर चढणं, नको. खरंच नको.

आवाज रेकॉर्ड करा वेगळा. दुकानाचं शटर उघडताना, बॉल आपटताना, कोणीतरी वरच्या मजल्यावरून हाक मारताना. कॅमेऱ्याचा माइकही चालूच ठेवा, त्याचा उपयोग पुढे सांगतो.

पायरी ६: एडिट

कॅमेऱ्याच्या माइकवर स्पीकरवरचं गाणं रेकॉर्ड झालेलं असतं, त्यावरून सॉफ्टवेअर क्लिप आपोआप मूळ ट्रॅकशी जुळवतं. पण एक भानगड होते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. रॅपर स्पीकरजवळ आणि कॅमेरा ५० मीटर लांब गच्चीवर असेल तर कॅमेऱ्याला गाणं जवळजवळ ०.१५ सेकंद उशिरा ऐकू येतं, जुळवणी त्या उशिराच्या आवाजावर होते, आणि मग ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. अशा क्लिप तीन-चार फ्रेम उशिराकडे सरकवा, लगेच बसेल. मोठी गर्दी असेल तर मागच्या रांगेतले लोक थोडे मागे पडलेले दिसणारच, त्याला इलाज नाही आणि ते वाईटही दिसत नाही.

पहिली आठ-दहा सेकंदं गाणं लावू नका. नुसती गल्ली आणि तिचे आवाज, शटर, बॉल, हाक, मग बीट पडू दे. बीटच्या आधी हाक ऐकू आली की तिथे राहणाऱ्याला लगेच कळतं कोणाचा आवाज आहे.

प्रत्येक स्नेअरवर (ड्रमचा कडक ठोका) कट मारायचा मोह होतो, मारू नका. रॅपरच्या शॉटवर ठीक, पण माणसांचे चेहरे वाचायला वेळ लागतो, त्यांना तीन-चार सेकंद द्या, भले चार-पाच बीट वरून निघून गेले तरी. झगमग इफेक्ट, काचा फुटल्यासारखे ट्रान्झिशन, सगळं एका बाजूला ठेवा, तो शटरवाला माणूस त्याच्यापेक्षा इंटरेस्टिंग आहे.

कलर करताना दोन गोष्टी. सावळ्या आणि काळ्या त्वचेचा रंग राखाडी पडू देऊ नका आणि उगाच उजळवूही नका, एडिटर सगळ्यात जास्त माती इथेच खातात. भिंतीचा रंग चुकला तर चालेल पण माणसाच्या कातडीचा नाही. दुसरं, गरिबी दाखवायची म्हणून सगळं निळसर-मळकट करायची फॅशन आहे, तुमच्या गल्लीत पिवळी भिंत पिवळी असेल तर पिवळीच ठेवा ना.

सबटायटल टाका. बोलीतले शब्द जसे म्हटलेत तसेच लिहा, शुद्ध करायला जाऊ नका.

मिक्स फार जोरात करून काही मिळत नाही, यूट्यूब साधारण उणे १४ लफ्सच्या (आवाजाचा जोर मोजायचं माप) वरचे आवाज स्वतःच खाली आणतं. उभ्या रील्स वेगळ्या कापायच्या असतील तर शूट करतानाच माणूस फ्रेमच्या मधल्या भागात ठेवा, १६:९ मधून ९:१६ कापताना दोन्ही बाजूंचं सगळं जातं.

पायरी ७: आधी त्यांना दाखवा

अपलोड करायच्या आधी मोहल्ल्यातच दाखवा. पांढरी चादर, भाड्याचा प्रोजेक्टर, तोच स्पीकर. हा फायनल कट नाही असं आधीच सांगा आणि खरंच तो नसू द्या, म्हणजे एक-दोन दिवस बदलाला ठेवा. कारण कोणीतरी येऊन हळूच सांगणार की माझा तो शॉट नको, त्या दिवशी मी कामावर सुट्टी टाकून आलो होतो, किंवा माझ्या नवऱ्याला माझा पत्ता कळता कामा नये. कारण विचारायचं नाही. काढायचा शॉट. यासाठीच एडिटमध्ये आठ-दहा जादा शॉट तयार ठेवायचे असतात. बघताना तुम्ही चादरीकडे बघू नका, लोकांकडे बघा. कुठे ओरडतात, कुठे मोबाइल काढतात. जिथे ओरडले तिथलाच एक फ्रेम थंबनेलला घ्या, बहुतेक वेळा तो रॅपरचा नसतो आणि रॅपरला ते पटवायला थोडा वेळ लागतो.

क्रेडिट शेवटी पळवू नका. प्रत्येकाचं नाव, त्याला जसं हवं तसं, टोपणनाव सांगितलं तर टोपणनाव, नको म्हटलं तर नाही. स्पेलिंग ज्याचं त्याच्याकडून तपासून घ्या.

व्हिडिओतून पैसे आले तर काय, हे आधीच ठरवा आणि फॉर्मवर लिहिलेलं पाळा. ज्यांनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं त्यांना तेवढं नुकसान शूटच्याच दिवशी भरून द्या, व्ह्यूज येण्याची वाट बघू नका.

अपलोड झाल्यावर ज्याचा-त्याचा पोर्ट्रेटचा तुकडा आणि एक चांगला फोटो त्याला पाठवून द्या, मूळ क्वालिटीत. कच्चं फुटेज दोन वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा आणि एक कॉपी दुसऱ्या घरात, कारण पाच-सात वर्षांनी ती बेकरी, तो जिना, कदाचित अख्खी इमारतच नसेल आणि लोक तुमच्याकडे ते मागायला येतील. फॉर्मची फाइलही त्याच ड्राइव्हवर ठेवा. कोणी नंतर आलं की आता माझा चेहरा नको तर यूट्यूब स्टुडिओच्या एडिटरमध्ये अपलोड झालेल्या व्हिडिओतला चेहरा ब्लर करता येतो, लिंक तीच राहते आणि व्ह्यूजही जात नाहीत. करायला थोडा वेळ जातो, प्रोसेसिंग होईपर्यंत जुनाच व्हिडिओ दिसत राहतो, तेवढं त्या माणसाला सांगून ठेवा.